उठावाची अक्षरं

१२ जानेवारी

दादाने आज सकाळी एका वाक्यात माझं म्हणणं मान्य केलं, आणि मला आनंद व्हायचा सोडून चुकल्याचुकल्यासारखं होतंय.

वाद जुना आहे. आम्ही बहीणभाऊ मिळून टेबलावर खेळायच्या खेळांची पुस्तकं काढतो. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि समोर काय दिसतंय, काय ऐकू येतंय ते तोंडाने सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आपण काय करणार ते बोलतात, आणि पुढचं फासे ठरवतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. जे आहे ते पुस्तकात आणि सूत्रधाराच्या जिभेवर. दादा लिहितो, मी तपासते आणि छापून घेते, माझी लेक खारू नकाशे काढते. आजवरची आमची सगळी पुस्तकं पातळ, पेपरबॅक. पण ‘धुक्याचं बंदर’ हे दादाचं आयुष्यातलं मोठं काम आहे आणि ते मला हार्डबाउंड हवं होतं. जाड पुठ्ठा, शिवलेली पानं, कापडी कणा.

दादा ऐकायला तयार नव्हता. “खेळाचं पुस्तक टेबलावर उताणं पडलं पाहिजे. त्यावर चहाचा डाग पडला पाहिजे. पिशवीत कोंबता आलं पाहिजे. तू त्याला पुठ्ठ्यात घातलंस की लोक ते कपाटात ठेवतील आणि महिन्यातून एकदा पुसतील.” मी म्हणायची, पेपरबॅकचा कणा वर्षभरात मोडतो आणि नेमकं ऐन मारामारीच्या नियमांचं पान निसटून सोफ्याखाली जातं. दुकानदार पातळ पुस्तक मागच्या रांगेत टाकतात. गेलं वर्षभर हेच चालू होतं.

आज तो चहाचा कप धुता धुता म्हणाला, “करू या हार्डबाउंड. फक्त नाव उठावाचं हवं. अक्षरं हाताला लागली पाहिजेत. वरही आणि कण्यावरही.”

“उठावाचं कशाला?”

“हौस,” तो म्हणाला.

मी फार रेटलं का? माणूस पटून हो म्हणतो आणि थकूनही हो म्हणतो, आणि मला यातला फरक ओळखता येतो असं मी उगीच समजते.

१५ जानेवारी

गाडी फाटकाच्या खांबाला घासली. मागची डावी बाजू, हातभर लांब ओरखडा. मी बाहेर धावले तर दादा खांबाकडे तोंड करून उभा.

“खांब सरकलाय,” म्हणाला.

“हो ना, सकाळपासून मला पण तसंच वाटतंय,” खारू म्हणाली आणि दोघं हसत सुटले. खारू जरा जास्तच वेळ हसली.

संध्याकाळी तिने पुन्हा गाडी शिकायचा विषय काढला. मी नाही म्हटलं. परीक्षा तोंडावर आहे आणि रस्त्यांवर हल्ली कोण कसा चालवेल याचा नेम नाही. कुठे जायचंच असेल तर मामा आहे की. तिचे बाबा गेले तेव्हापासून शाळा, क्लास, दवाखाना, सगळीकडे दादानेच तिला सोडलं आहे, कधी साधं खरचटलंसुद्धा नाही. हे मी तिला बोलूनही दाखवलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता भांडेल, पण “बरं” म्हणून आत गेली.

२१ जानेवारी

अंधाराचं प्रकरण तपासलं. दादाने याहून चांगलं काही लिहिलेलं नाही. धुक्यात शिरलेल्या माणसाला काय दिसेनासं होतं, कशाच्या आधी काय, हे सूत्रधाराने कसं सांगावं याबद्दल आहे. वाचताना मी खुर्चीत पाय वर घेऊन बसले.

एका वाक्यावर मात्र अडले. ‘अंधार कडेकडून येतो. मधलं शेवटी जातं, तोवर माणसाला वाटतं, आपलं सगळं शाबूत आहे.’ मी समासात लिहिलं, अंधार तर सगळीकडून एकदम येतो ना? दिवे जातात तेव्हा असं कुठे होतं? त्याला वरच्या खोलीत जाऊन विचारलंही.

“कडेकडून येतो,” तो म्हणाला.

“तुला कसं माहीत?”

“लेखक आहे मी. शुद्धलेखन तू बघ.” तो मला वैतागला की ‘शुद्धलेखन’ म्हणतो. लाडात आला तरी तेच म्हणतो.

‘काय करतोस?’ हा प्रश्न पुस्तकात फार वेळा येतो म्हणून मी बराचसा कापला होता. त्याने सगळा परत घालायला लावला. पहिल्याच पानावर त्याचे दोन नियम आहेत. सूत्रधाराने समोर काय आहे ते खरं सांगायचं, कधीही खोटं सांगायचं नाही. आणि प्रत्येक वर्णनाच्या शेवटी विचारायचं, ‘काय करतोस?’ निर्णय खेळाडूचा. सूत्रधाराने त्याचा हात धरायचा नाही.

त्याच्या खोलीत एक गोष्ट दिसली. फडताळातल्या आमच्या जुन्या पेपरबॅकना त्याने रबरबँड लावले आहेत. कुणाला एक, कुणाला दोन, एकाला तर चार. “पानं सुटतायत?” मी विचारलं. “हो,” म्हणाला. मी एक उघडून पाहिलं. त्याची शिवण चांगली घट्ट होती. बाकीच्यांची सुटत असेल.

३० जानेवारी

बाइंडरने दोन कोऱ्या डमी करून दिल्या, एक हार्डबाउंड, एक पेपरबॅक. आज चाचणीचा खेळ होता म्हणून दोन्ही टेबलावर ठेवल्या. मास्तर आले होते. शाळेत कवायत शिकवतात, आमच्या प्रत्येक खेळात पहिल्या अर्ध्या तासात मरतात. खारू सूत्रधार झाली, दादा खेळाडू.

मास्तरांनी हार्डबाउंड डमी हातात तोलली. “हे बरं आहे. खेळात हरलो तर डोक्यात घालता येईल.”

“आणि हे?” मी पेपरबॅक दाखवली.

“याने फक्त माशी मरेल, ताई.”

गंमत बाजूला ठेवली तर मी मनाशी नीट पाहत होते, कारण निर्णय माझा आहे आणि चुकला तर तोही माझाच. पेपरबॅक हात काढला की मिटते. तिच्यावर पाण्याचा पेला ठेवावा लागला. हार्डबाउंड उघडी राहते, पण जागा फार खाते, मास्तरांचं कोपर सारखं तिच्यावर येत होतं. दादाचं वर्षभराचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. हे मी त्याला सांगायला हवं होतं. त्याऐवजी गप्प बसले, कारण जिंकलेला वाद पुन्हा कोण उघडतो.

दादाने ती डमी मांडीवर घेतली होती आणि संपूर्ण खेळभर तिच्या कडांवरून अंगठा फिरवत बसला होता. पेपरबॅकवरचा पेला त्याच्याच हाताने लवंडला. “माझ्या पात्राचं नशीबच फुटकं,” तो म्हणाला.

एक नवा नियम त्याने आज घुसडला. खेळाडूने फासे टाकायचे, पण आकडा सूत्रधाराने मोठ्याने वाचायचा. मी म्हटलं, याने खेळ रेंगाळतो. मास्तरही म्हणाले, आमचे फासे आम्हाला वाचता येतात की. दादा हट्टाला पेटला. मग खारूच म्हणाली, “असू दे ना आई. मला आवडतं वाचायला.”

९ फेब्रुवारी

आज एक गोड प्रसंग पाहिला, तो लिहून ठेवते.

बँकेतून पायी येत होते. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी दादाची गाडी वळणासाठी थांबली होती, खिडक्या उघड्या. मी मागून गेले, त्यांना दिसले नाही. आत खारू एका लयीत बोलत होती.

“डावीकडे भाजीची हातगाडी, माणूस पाठमोरा. उजवीकडे मोकळं. पुढे खांबापर्यंत काही नाही. काय करतोस?”

“उजवी धरतो. हळू.”

“अजून हळू. सायकल येतेय समोरून, लाल शर्ट. ती तुझ्या उजवीकडून जाईल. आता... गेली. काय करतोस?”

“सरळ.”

“फाटक उघडं आहे. खांब डावीकडे, दोन हात.”

“खांबाला नमस्कार करतो.”

दोघं हसली. गाडी अगदी सावकाश आत गेली.

गाडीतसुद्धा खेळतात! वीस वर्षांची पोरगी, बरोबरीची मुलं फोनमध्ये डोकं घालून बसलेली असतात, आणि ही आपल्या मामाबरोबर रस्त्याचा खेळ करते. मला तिच्या बाबांची आठवण आली. घरात गेल्यावर मी काही बोलले नाही. अशा गोष्टींना मोठ्यांनी हात लावला की त्या मोडतात.

रात्री जेवताना खारूचं डोकं दुखत होतं. हल्ली दादाबरोबर बाहेर जाऊन आली की दुखतंच. चष्मा लागणार बहुतेक. डोळे तपासून घ्यायला हवेत.

१७ फेब्रुवारी

शेवटची प्रुफं दादाने परत दिली. एकही खूण नाही.

हा माणूस एका स्वल्पविरामासाठी माझ्याशी तीन दिवस अबोला धरणारा. आता अख्ख्या पुस्तकावर, “सगळं ठीक आहे.” मी मुद्दाम एका ओळीत ‘बंदर’च्या जागी ‘बंदूक’ राहू दिलं होतं, पाहू या म्हणून. त्याने पकडलं नाही. असं सापळे लावणं चांगलं नाही हे मला कळतं. लावला आणि पश्चात्ताप झाला. सापडला असता तर मला हायसं वाटलं असतं.

त्याचा जीव यातून उडाला आहे. वर्तमानपत्रही हातात घेत नाही, रेडिओ ऐकतो. मला राहून राहून वाटतं, हार्डबाउंडचा हट्ट मी धरला आणि त्या दिवसापासून हे पुस्तक त्याचं राहिलं नाही. तो आता ते कुणा परक्याचं असल्यासारखं वागतो.

खारूला विचारलं, मामाला काय झालंय गं?

“काही नाही. पुस्तक होऊ दे, मग बघ,” ती म्हणाली. नंतर म्हणाली, “पुस्तक लवकर होऊ दे आई.”

२४ फेब्रुवारी

दादा बांधणीचा नमुना मंजूर करायला बाइंडरकडे गेला. खारूचा कॉलेजात दिवसभर कार्यक्रम होता. दारात गाडी उभी असताना तो टॅक्सीने गेला. मी म्हटलं हे काय, तर म्हणाला, “तिकडे लावायला जागा नसते.” जागा तर भरपूर असते. मी त्यावर वाद घातला नाही. बाहेर जाऊन आला तेव्हा मात्र खुशीत होता. “झकास बांधलंय. अक्षरं अशी उठली आहेत की मांजरालाही वाचता येतील.”

खूप दिवसांनी त्याला असं पाहिलं. मला वाटलं, चला, निवळलं सगळं.

३ मार्च

बाइंडरने मंजूर झालेली प्रत पाठवली. मी कात्रीने दोरा कापला, कागद सोडला. निळं कापड, त्यावर ‘धुक्याचं बंदर’, अक्षरं खरोखर बोटाला लागतात. मग पुस्तक उघडलं.

आतली पानं उलटी. वरचा भाग खाली, खालचा वर. पहिल्या पानाच्या जागी शेवटचं पान, तेही डोक्यावर उभं. पुठ्ठ्याची खोळ वेगळी तयार होते आणि पुस्तक तिच्यात नंतर चिकटवतात. चिकटवताना कुणीतरी उलटं घातलं होतं. पेपरबॅकला असं सहसा होत नाही.

बाइंडरला फोन लावला.

“ताई, साहेबांनी स्वतः पाहिलंय की,” तो म्हणाला. “अर्धा तास बसले होते माझ्यापुढे. कण्यावरून बोट फिरवलं. सांधा दाबून पाहिला. उघडताना कानाशी धरलं, शिवण कुरकुरते का म्हणून. इतक्या बारकाईने कोण बघतं हो हल्ली?”

“आणि उलट्या पानांबद्दल काय म्हणाले?”

“काहीच नाही. म्हणाले, झकास. माझ्या लक्षात आलं होतं ते, खोटं कशाला बोलू. पण म्हटलं खेळाचं पुस्तक आहे, त्यात काही तरी तुमची गंमत असेल. साहेबांनी मंजूर केलं म्हणजे केलं.”

“बाकीच्या प्रती...”

“निम्म्याच्या वर झाल्या आहेत. नमुन्याबरहुकूम.”

मी फोन ठेवला. उलटी पानं आंधळ्यालाही दिसली असती.

४ मार्च

काल जे बोलले ते शब्दाला शब्द लिहिते. आपण काय बोललो हे आपल्याला नंतर सोयीने आठवतं, म्हणून.

पुस्तक दादापुढे ठेवलं. त्याने हातात घेतलं, नेहमीसारखा अंगठा फिरवला, उघडलं. “काय झालं?” म्हणाला.

“काय झालं? हे काय झालं ते तू मला विचारतोस?”

तो पानाकडे पाहत होता. निदान तोंड तरी त्याने पानाकडे केलं होतं.

मी म्हटलं, “तू मुद्दाम केलंस. पेपरबॅक मिळालं नाही म्हणून. घे तुझं हार्डबाउंड, असं दाखवायचं होतं ना मला? माझ्यावरचा राग त्या पुस्तकावर काढलास. स्वतःच्या पुस्तकावर.”

खारू म्हणाली, “आई, पुरे.”

“तू मधे पडू नकोस. याने अर्धा तास पाहिलं आणि याला दिसलं नाही असं मी मानू?”

दादाने पुस्तक मिटून अगदी जपून टेबलाच्या कडेपासून आत सरकवलं आणि म्हणाला, “हो. मुद्दाम केलं.”

खारू उठून गेली. जाता जाता दारातून म्हणाली, “तुला ना, काही म्हणजे काही कळत नाही.” तिचा आवाज फाटला होता.

त्याने कबूल केलं, तरी मला बरं वाटत नाही. भांडणात समोरच्याने इतक्या लवकर हो म्हटलं की आपल्याच हातून काही तरी निसटल्यासारखं होतं. पण त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मी आणखी काय करायला हवं होतं?

६ मार्च, दुपारी

बाइंडर म्हणतो, खोळी कापून पुस्तकं पुन्हा सुलटी चिकटवता येतील, पण पुन्हा गोंधळ नको, घरचं कुणी समोर बसा. मी निघणार होते. दादा आडवा आला.

“मी केलंय ना, मग मीच निस्तरतो. खारू येईल बरोबर.”

आणि मी म्हटलं, “जा. यावेळी जरा आपल्या डोळ्यांनी बघून ये.”

हे वाक्य आता मला पुन्हा पुन्हा ऐकू येतंय.

ते गेले. मी ती उलटी प्रत घेऊन खिडकीपाशी बसले. परवापासून मनाला लागलं होतं, एकदा त्याच्या बाजूनेही विचार करून बघू. तो बाइंडरपुढे बसलाय, रागात आहे, मुद्दाम गप्प बसायचं ठरवलंय. मग तो इतका वेळ बोट का फिरवत बसला? कानाशी का धरलं? ज्याला पुस्तक बिघडवायचंय तो शिवण कुरकुरते का ते ऐकेल?

बाइंडरने सांगितलं तसं मीही करून पाहिलं. कण्यावरून बोट. सांधा दाबला. करताना डोळे आपोआप मिटले, ऐकायला बरं पडतं म्हणून. नाव बोटाखालून गेलं, एकेक अक्षर, सुलटं. उघडलं. पानं गुळगुळीत, शिवण घट्ट, कोपरे काटकोनात. पुस्तकात एकही चूक नव्हती.

मग डोळे उघडले.

रबरबँड. एक, दोन, चार. फासे मोठ्याने वाचायचा नियम. बंदूक. कडेकडून येतो. ‘डावीकडे हातगाडी, माणूस पाठमोरा.’

ते खेळत नव्हते.

फोन लावला. वाजत राहिला आणि कापला गेला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा बोट बटणावर ठेवलं आणि तिथेच थांबले. फोन वाजतो तेव्हा खारू काय करत असेल? ती खाली बघते. पर्समध्ये हात घालते, फोन काढते, कापते. तेवढा वेळ त्या गाडीत रस्त्याकडे कोणीच बघत नसतं.

मी फोन पालथा ठेवला आहे. बाइंडरला फोन केला, त्यांना तिथेच थांबवा म्हणून. तो म्हणाला, आत्ताच निघाले ताई, चिकटवायचं उद्या करू, साहेबांना बरं वाटत नव्हतं.

म्हणजे ते परतीच्या वाटेवर आहेत. मोठ्या रस्त्याने, पुलावरून, मग बाजारातून. शाळा सुटायची वेळ. माझ्या हातात करण्यासारखं काही नाही, म्हणून लिहिते आहे. अक्षर बिघडलंय. मी टॅक्सी करून समोरून गेले तर? गाठायचं कुठे, आणि गाठलं तर थांबवायचं कसं, हॉर्न वाजवून? तिला मला पाहून हात करावासा वाटला तर?

तिला गाडी शिकू दिली असती तर आज तीच चालवत असती. मीच नाही म्हटलं होतं. रस्ते वाईट म्हणून.

६ मार्च, संध्याकाळी

ते घरी आले आहेत. दोघंही. हे आधी लिहिते.

गाडीचा आवाज ओळखू आला तेव्हा मी फाटकाशीच होते. बाजूला उभं राहायचं ठरवलं होतं. पण गाडी गल्लीत वळली आणि मी चालत फाटकाच्या मधोमध जाऊन उभी राहिले. का, ते नीट सांगता येत नाही. कदाचित अजूनही मला वाटत होतं की माझी चूक होतेय, तो मला पाहील, ब्रेक लावेल, खिडकीतून डोकं काढून ओरडेल, काय गं शुद्धलेखन, मरायचंय का. आणि मी आयुष्यभर स्वतःला हसेन. अंगावर पिवळी साडी होती, ऊन अजून होतं. दादाचं तोंड सरळ माझ्याकडे होतं.

गाडी हळू येत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर काहीही बदललं नाही.

खारूने मला पाहिलं. तिचे ओठ हलायचे थांबले. खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे मग जे ऐकू आलं ते सगळं ऐकू आलं. ती रडत होती आणि तरी आवाज त्याच लयीत होता, इतक्या महिन्यांची सवय.

“फाटकात आई उभी आहे, मामा. अगदी समोर. काय करतोस?”

ब्रेक लागला. बंपर माझ्या गुडघ्याला टेकला, लागलं नाही.

इंजिन बंद झालं. मग दादाने खिडकीतून हात बाहेर काढला आणि किल्ली पुढे केली. मी जिथे होते तिथून ती हातभर बाजूला होती, हवेत. मी सरकून तिच्यासमोर गेले आणि घेतली.

“डॉक्टरांनी मागच्या उन्हाळ्यातच सांगितलं होतं,” तो म्हणाला. “आधी बाजूचं गेलं. आता मधलंही धुरकट झालंय. पुस्तक हातात येईपर्यंत चालवू म्हटलं. निदान ते तरी वाचता येईल, बोटांनी. पोरीला मीच शपथ घातली होती. तिला बोलू नकोस.”

मी तिला काय बोलणार होते? तिने फक्त समोर काय आहे ते सांगितलं होतं. मी रोज त्या दोघांबरोबर जेवायला बसत होते आणि मला तेवढंही सांगता आलं नसतं.

मग गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेले, खारूला उतरवायला. डावीकडचा आरसा जागेवर नव्हता. दोन तारा लोंबत होत्या.

“हे कुठे झालं?”

“पुलाच्या उतारावर,” खारू म्हणाली. “हातगाडीला लागलं. तुझा फोन आला होता तेव्हा.”

दादा अजून चाकामागेच बसला होता. त्याने मान वळवली नाही. अगदी हलक्या आवाजात विचारलं, “हातगाडीच होती ना, खारू? कुणीतरी ओरडल्यासारखं वाटलं होतं मला.”

ती त्याच्याकडे बघत होती. पहिल्या पानावरचा पहिला नियम तिला माझ्यापेक्षा चांगला पाठ आहे.

“मी फोन बघत होते, मामा,” ती म्हणाली.

दोघांना घरात बसवलं आहे. दाराला बाहेरून कडी घालावी असं एकदा वाटलं, घातली नाही. गाडीची किल्ली माझ्याकडे आहे. उतारापर्यंत चालत फार लांब नाही. अजून उजेड आहे तोवर तिथे जाऊन, हातगाडीवाले असतील त्यांना, दुकानदारांना, सगळ्यांना, कुणाला लागलं का ते विचारून येते.